माझ्याच माऊसची टिचकी

मित्रांनो, मी एक जुना संगणक. मला घराबाहेर काढायचा हुकूम माझ्याच माऊसच्या टिचकीनं सुटला. खरं वाटत नाही ना? मलाही अजून वाटत नाही!

माझा जन्म दुकानातला. माझी मालकीण ताई भरतकामाचे नमुने काढते. दुकानदारकाकांनी एकेक भाग तिच्या हातात देत, "हा बसवू की तो?" असं विचारून विचारून तिचं डोकं उठवलं. सगळी दुपार गेली. पण माझा दिवा लागला, पंखा फिरला आणि ताई म्हणाली, "आला गं बाई माझा राजा!"

मग तिच्या बोटांखाली माझ्यावर वेली चढल्या, कळ्या उमलल्या, मोर उतरले. सगळे माझ्या पोटातल्या डिस्कवर जपलेले. पुढे मी थकलो. एक वेल उघडेपर्यंत ताईचा चहा निवून जाई.

तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "दुकानात खेटे कशाला? घरबसल्या नवा संगणक हवा तसा बनवून मागवू."

"तूच बघ बाबा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

तो माझ्यापुढेच बसला. नवा प्रोसेसर, नवी मेमरी, रंगसुद्धा निवडला. माझ्याच पडद्यावर माझ्या जागी येणाऱ्याचा थाटमाट! शेवटी एक चौकट आली : 'जुना संगणक परत देणार?' सूट मिळत होती. त्यानं टिचकी मारली. मी थिजलो. माझ्या पोटात काय आहे, हे त्या पानानं विचारलं नाही आणि त्यानंही नाही.

खोकं आलं तेव्हा ताई बाहेर गेली होती. नव्याला बाहेर काढून त्याच खोक्यात मला कोंबलं. खोकंवाला मला खांद्यावर घेऊन जिना उतरू लागला. ओरडू कसा? वायर तर केव्हाच उपटलेली!

जिन्यातच ताई भेटली. "काय नेताय हो?"

"तुझं जुनं डबडं, ताई!" वरून भाऊ म्हणाला.

तिच्या हातातली पिशवी सुटली. दोऱ्यांची रिळं पायऱ्यांवरून घरंगळत गेली. "अरे मेल्या, माझे सगळे नमुने आहेत त्यात!"

भाऊ पांढराफटक पडला. "मला वाटलं, ते नव्यात आपोआप येतं..."

खोकंवाल्याला उद्या यायला सांगून ती दोघं मला नि नव्याला घेऊन दुकानात गेली. काका आधी फुगले. "घ्यायचं तिकडे, रडायचं इकडे?" मग स्क्रू काढून त्यांनी माझी डिस्क नव्याच्या पोटात बसवली.

मित्रांनो, ती डिस्क म्हणजेच मी. दुसऱ्या दिवशी खोक्यातून गेली ती माझी रिकामी पेटी. नवा चपळ आहे, गुणी आहे. त्याच्यावर माझा राग नाही. नवं दुकानातून आणा, नाहीतर घरबसल्या मागवा. पण जुन्याला उंबऱ्याबाहेर काढण्याआधी त्याच्या पोटात काय आहे, ते एकदा बघा. आम्हांला ओरडता येत नाही.