कुछ लोग म्हणजे कोण

अनुजा लॅबची इन्चार्ज झाली तेव्हा तिच्या आईने मोहल्ल्यात पेढे वाटले आणि मारोतरावांनी लॅबमध्ये. आईचं ठीक होतं. मारोतराव, तिचे मोहल्ल्यातले काका, मात्र त्याच लॅबमध्ये कामाला होते. ज्या मुलीच्या हाताखाली आता त्यांना काम करायचं होतं, तिच्याच बढतीचे पेढे ते टेबलाटेबलावर फिरवत होते. "आमची अनू आहे," ते प्रत्येकाला सांगत होते. "दहावीच्या पेपरले मीच सायकलवर डबल सीट नेली हिले." अनुजा कोपऱ्यात उभी राहून हसत होती. यांना उद्यापासून कामाचं काही सांगायचं कसं, एवढं एकच तिच्या डोक्यात चाललं होतं.

कारखाना बेताचा होता, पोलादाचे भाग ओतून देणारा. भट्टीतला माल साच्यात जाण्याआधी त्याचा बिस्किटाएवढा नमुना लॅबमध्ये येई. मारोतराव तो ग्राइंडरवर घासून गुळगुळीत करत. दीपाली तो मशीनला लावे. मशीन त्यावर ठिणगी पाडून कार्बन किती, मँगनीज किती ते दाखवी. पहिल्या ठिणगीवर विसंबून चालत नाही, कारण वरच्या थरात काहीबाही राहिलेलं असतं. म्हणून वेगवेगळ्या जागी तीन ठिणग्या पाडायच्या, त्यांची सरासरी काढायची आणि मगच खाली भट्टीवर फोन करायचा, अशी पद्धत होती. फोन दीपालीने करायचा.

पण फोन ठेवलेला होता मारोतरावांच्या हाताशी, आणि भट्टीवरचा भूपेंद्र त्यांचा जिगरी दोस्त. पहिली ठिणगी पडली, की मारोतराव दीपालीच्या खांद्यावरून स्क्रीनकडे डोकावत आणि रिसीव्हर उचलत. "भूपेंद्र, लिख ले." भूपेंद्र तो 'लॅब का नंबर' म्हणून सगळ्यांना सांगे आणि कामाला लागे. पाठोपाठ दीपालीचा फोन जाई, आणि तिचा आकडा वेगळा असे. मग भट्टीवर ओरड, की लॅबवाले दोन-दोन नंबर देतात, त्या दीपालीला मशीन चालवता येत नाही. मारोतरावांचं नाव कुठेच नसे. त्यांना वाटे, आपण दोस्ताचा वेळ वाचवतो आहोत.

अनुजाला हे सगळं दिसत होतं. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती. निदान करायला तिला वेळ लागला नाही, अडलं ते औषध देताना.

पाळी सुरू होताना लॅबमध्ये उभ्याउभ्या छोटी सभा होई. तिथली भाषा हिंदी, कारण निम्मे लोक छत्तीसगढी होते. अनुजाने दोनतीन सकाळी मनातल्या मनात तालीम केली आणि एके दिवशी म्हणाली, "कुछ लोग तीनों रीडिंग आने से पहले ही नंबर बता देते हैं. ऐसा न करें तो अच्छा रहेगा."

सगळे बुटांकडे पाहू लागले. कॅलिब्रेशन बघणारा निखिल आपण कधी कुणाला काय सांगितलं ते आठवू लागला. मारोतराव एक पाऊल पुढे आले.

"मॅडम बराबर बोल रही हैं," ते म्हणाले. "ये आदत बहुत खराब है. सुन लो सब लोग."

आणि त्यांनी दीपालीकडे पाहिलं, मोठ्या मायेने, चुकार मुलीकडे बघावं तसं.

पुढच्याच नमुन्याला त्यांनी भूपेंद्रला पहिला आकडा कळवला.

अनुजाने हार मानली नाही. पुढच्या आठवड्यात तिने 'कुछ लोग'ऐवजी 'कोई-कोई' म्हणून पाहिलं. त्यानंतर भिंतीवर सूचना लावली. ती मारोतरावांनीच खुर्चीवर चढून चिकटवली, आणि तिरपी झाली म्हणून काढून पुन्हा लावली. प्रत्येक सभेनंतर ते लॅबभर फिरून लोकांना मॅडमचं म्हणणं समजावून सांगत. आपलं ऐकणारा एवढा एकच माणूस आपल्याकडे आहे, हे अनुजाला कळत होतं, आणि नेमकं त्यालाच सोडून बाकी सगळ्यांशी आपण बोलतो आहोत, हेही.

मग एका शुक्रवारी दीपाली तिच्या टेबलापाशी आली. दीपाली जवळच्या चरोदा या रेल्वेच्या गावची, रेल्वेवाल्यांची मुलगी. मशीनवर तिच्याइतका सावकाश आणि स्वच्छ हात लॅबमध्ये दुसरा नव्हता.

"मॅडम, मुझे डिस्पॅच में डाल दो."

"का?"

"खाली भट्टीवर मले देखून हसतेत. दीपाली का नंबर और बारिश का भरोसा नहीं, म्हणतेत."

"पण तुझं रीडिंग बरोबर असतं."

"हे तुमाले माहीत आहे, मले माहीत आहे. कोण फोन करते तेही लॅबमधी सगळ्यांले माहीत आहे." दीपालीने आवाज खाली आणला. "ते तुमचे काका हायेत. तुमी नाही बोलणार. मग मीच जाते ना. सोमवारी सांगा मले."

अनुजाने "बघते" म्हटलं. दीपालीने मान हलवली. असं 'बघते' तिने पुष्कळदा ऐकलं असावं.

रविवारी अनुजा कॅम्प-1 या वस्तीतल्या मारोतरावांच्या घरी गेली. तिच्या घरापासून दोन गल्ल्या. ऑफिसबाहेर, घरच्यासारखं सांगू, म्हणजे त्यांना लागणार नाही, असा तिचा हिशेब होता. त्यांच्या बायकोने, मनकर्णाकाकूंनी, पातोडीचा म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा केला होता. पहिल्या वाढीपर्यंत अनुजाने हवापाण्याचं बोलून घेतलं. दुसऱ्या वाढीला ती म्हणाली, "काका, भट्टीवाल्यांना फार घाई असते ना. आपण मात्र घाई करू नये."

"तेच तं," मारोतराव म्हणाले. "त्या दीपालीले समजाव. पोरगी चांगली आहे, पन दोन-दोन नंबर देते. भूपेंद्र रोज बोंबलते."

अनुजाने रस्सा तिखट असल्याचं निमित्त करून पाणी मागितलं.

दाराशी सोडायला आलेल्या मनकर्णाकाकू म्हणाल्या, "अनू, तू कायी सांगाले आली होती. जेवतानी सारखी मांडी हालवून राहिली होती. लहानपनी खोटं बोलाची तवा अशीच हालवे."

"काही नाही, काकू."

"बरं. मंग कायी नाही ते त्याईले लवकर सांगून टाक. इशाऱ्यानं सांगशील तं ह्या माणसाले कळनार नाही. लग्नाले इतकी वर्षं झाली, मले अजून मीठ मागाचं तं मीठच म्हना लागते."

सोमवारी सकाळी पहिला नमुना यायच्या आधी अनुजाने मारोतरावांना तराजूच्या खोलीत बोलावलं. त्या खोलीत अतिसंवेदनशील काटा होता. वाऱ्याने आकडा हलू नये म्हणून पंखा बंद आणि दार लावलेलं असे. कारखान्यात खाजगी बोलायला तेवढीच जागा होती, आणि तिथे घाम येण्यासाठी दुसरं कारण लागत नव्हतं.

"मारोतरावजी," अनुजाने सुरुवात केली, "मुझे आपसे एक बात करनी है."

मारोतरावांचा चेहरा उतरला. "हिंदीत कावून बोलून राहिली? घरी कोनी बिमार आहे का? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे." अनुजा मराठीवर आली. "काका, भट्टीवर पहिला आकडा तुम्ही कळवता. तो चुकीचा असतो. मग दीपालीचा बरोबर आकडा जातो, आणि खोटी ती ठरते. ती लॅब सोडून जाते आहे. आजपासून तुम्ही भट्टीवर आकडा सांगायचा नाही. एकही."

बोलून झाल्यावर तिला जाणवलं, की हे सगळं मिळून पाच-सहा वाक्यांचं होतं.

मारोतराव काट्याकडे पाहत राहिले. काटा स्थिर होता.

"म्हंजे ते कुछ लोग," ते म्हणाले, "मी?"

"हो."

"आखीन कोन?"

"आणखी कुणी नाही."

"मंग लोग कावून म्हने? एका मानसाले लोग म्हनतेत का? मी तं निखिलले दोनदा झापलं." त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "अन त्या पोरीले तं किती. तिच्यासमोर उभा राहून."

"हो, काका."

"काल घरी आली. पातोडी खाल्ली. तवा नाही सांगता आलं?"

"पातोडी चांगली झाली होती."

"ते मले माहीत आहे," मारोतराव जराशा रागाने म्हणाले. "तुले मी सायकलवर नेलं म्हनून तू मले सांगनार नाही, असं तं काही ठरलं नव्हतं. मले वाटलं, मी तुह्याच हुकमाची अंमलबजावनी करून राहिलो. सारे हसत असतीन मले."

हसत होते हे खरं होतं, आणि आज अनुजाचं एवढं खरं बोलून झालं होतं, की उरलेलं उद्यावर ठेवलं तरी चालण्यासारखं होतं.

ते दार उघडून बाहेर गेले आणि कुणाकडे न पाहता ग्राइंडरपाशी उभे राहिले. नमुना आला. त्यांनी तो घासला, दीपालीच्या हातात दिला आणि स्क्रीनकडे पाठ करून खिडकीतून बाहेर पाहू लागले. पहिली ठिणगी पडली. कुणी फोन केला नाही, म्हणून खालूनच फोन आला.

मारोतरावांनी तो उचलला. भूपेंद्रचा आवाज लॅबभर ऐकू येत होता. "काका, क्या हुआ? जल्दी बताओ ना."

"रुक," मारोतराव म्हणाले. "और सुन. आज तक जो पहला नंबर जाता था, वो मैं देता था. वो गलत रहता था. दीपाली का सही रहता था. नीचे सबको बता दे. नाम लेके बता, मारोतराव का."

पलीकडे भूपेंद्र काहीतरी विचारत राहिला. निखिल कॅलिब्रेशन सोडून उभा राहिला होता. मारोतरावांनी रिसीव्हर दीपालीपुढे धरला. तिने तो घेतला, पण लगेच बोलली नाही. दुसरी ठिणगी पडली. मग तिसरी. सरासरी आली. तिने आकडा सावकाश दोनदा सांगितला आणि फोन ठेवला.

दुपारी ती अनुजाच्या टेबलापाशी आली. अनुजाने डिस्पॅचच्या बदलीचं काय ते विचारायला तोंड उघडलं, तर दीपालीच म्हणाली, "मॅडम, वो फोन मेरे साइड में खिसका दो. काकाले सारखं उचलून द्या लागते. अन वायर छोटा आहे."

"लांब वायर मागवते," अनुजा म्हणाली, आणि मग स्वतःच उठून गेली, इलेक्ट्रिशियनला तोंडावर सांगायला.