सोकोलची गाडी लग्नाला निघाली

पंपावर डिझेल यायचं बंद झालं, तसा अल्बानियाच्या डोंगरातला तो अख्खा गाव पुन्हा खेचरांवर बसायला लागला. सोकोल तेवढा बसेना. आपल्या जुन्या जर्मन गाडीतून त्यानं वर्षानुवर्षं गावाला खालच्या शहरात नेलं-आणलं होतं. आता गाडी अंगणात उभी, आणि हा रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन तिच्यात जाऊन बसायचा.

अशात बायकोच्या भाचीचं लग्न निघालं.

"मी जाईन तर गाडीनंच," सोकोल म्हणाला.

"आणि ढकलणार कोण? मी?" बायको लूले म्हणाली.

सोकोलनं शेजारच्या साब्रीचं खेचर मागून आणलं आणि दोरानं गाडीपुढे जुंपलं. लगाम धरून साब्री बॉनेटवर बसला, सोकोल आत स्टिअरिंगला, मागे लूले मांडीवर बकलाव्याच्या मिठाईचं ताट घेऊन.

"हॉर्न तेवढा वाजवू नकोस, बाबा," साब्रीनं बजावलं.

पहिल्याच वळणावर सवयीनं सोकोलचा हात हॉर्नवर पडलाच. खेचर थांबलं, मान वळवून गाडीकडे पाहिलं आणि कडेचं गवत खाऊ लागलं. साब्रीनं चुचकारलं, सोकोलनं शिव्या घातल्या, मग माफीही मागितली. खेचर ढिम्म.

लूले खाली उतरली. दोर सोडला, ताट सांभाळत खेचरावर बसली, त्याच्या मानेवर थोपटलं. खेचर निमूट चालायला लागलं.

"अगं, आणि आम्ही?"

"पुढं उतार आहे. या घरंगळत."

दोघांनी रेटून रेटून गाडी उतारापर्यंत नेली आणि आत उड्या टाकल्या. गाडी सुसाट निघाली. लूलेला मागं टाकताना सोकोलनं खिडकीतून राजासारखा हात हलवला. खाली ओढ्यापाशी सपाटी लागली आणि गाडी उभी राहिली. थोड्या वेळानं लूले शेजारून गेली. तिनंही हात हलवला.

गाडी तिथंच सोडून दोघं पायी, घामाघूम होऊन लग्नघरी पोचले, तेव्हा लोक जेवूनखाऊन नाचायला लागले होते. सोकोल गुमान जेवला. परत येताना ओढ्याकाठच्या गाडीपाशी थांबला.

"साब्री, चाकं अजून धड आहेत. सीटसुद्धा."

"मग?"

"मग बाकीचं लोखंड कशाला ओढायचं?"

दोघांनी चाकं आणि मागची सीट काढून लाकडी गाडा बांधला. आता बाजाराच्या दिवशी साब्रीचं खेचर जुंपून सोकोल त्यातून लोकांना खाली नेतो. लूले म्हणते, वेळ लागतो खरा, पण नवरा वाटेत चार शब्द बोलतो. आधी नुसता रस्त्याकडे डोळे लावून बसायचा.