नाक्यावरचा सिग्नल

जुनं प्रक्षेपण बंद होऊन नवं डिजिटल सुरू झालं आणि त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. "टीव्हीवर नुसते चौकोन नाचतायत रे. माझाच टीव्ही बिघडला असणार. येऊन बघ जरा."

भाचा प्रक्षेपणाच्या कंपनीत सिग्नल मोजायला होता. गाडी शहरभर फिरवायची, टपावरचा अँटेनाचा खांब उंच चढवायचा, आकडा टिपायचा आणि पुढच्या गल्लीत जायचं. मावशीची गल्ली अरुंद, त्यात वर तारांचं जाळं. शिवाय मावशीने खिडकीतून पाहिलं असतं, तर जेवल्याशिवाय सुटका नव्हती. म्हणून मोजणीच्या दिवशी त्याने नाक्यावरच्या मोकळ्या जागेतच खांब चढवला आणि तिथला आकडा बिनदिक्कत मावशीच्या गल्लीच्या नावावर लावला. आकडा मोठा देखणा होता.

आता तळमजल्यावरच्या खोलीत मावशी टीव्हीच्या पाठीत धपाटे घालत होती.

"समोरची म्हणते, आपल्याकडे सिग्नलच येत नाही! म्हटलं, माझ्या भाच्याने स्वतः मोजलाय. शब्दाने शब्द वाढला. तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही."

"बोलत नाहीस? अगं, पण रोज संध्याकाळी तुम्ही दोघी एकत्र..."

"आता नाही. घरच्या माणसाला खोटं पाडते म्हणजे काय!"

भाच्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काहीतरी करायचं म्हणून त्याने अँटेना उचलली आणि खिडकीबाहेर हात लांबवला. पडद्यावर एकदम बातम्या देणारी बाई अवतरली.

"आली, आली! हलू नकोस! बघ, आहे की नाही सिग्नल? बोलवू का तिला?"

असंच उभं राहून वेळ मारून नेता आली असती. हात भरून येईपर्यंत त्याने तसा विचारही केला. मग अँटेना खाली घेतली. बाईचे चौकोन झाले.

"मावशी, मी तुझ्या गल्लीत आलोच नव्हतो. नाक्यावरूनच मोजलं. तू जेवायला थांबवशील म्हणून."

मावशीने टीव्ही बंद केला. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. मग तिने चपला पायांत सरकवल्या.

"चल समोर. तिला हेच सांग. आणि मोठ्याने सांग, तिला कमी ऐकू येतं."