दोन चुका पुरतील

मुलीचे दोन विषय विद्यापीठातल्या मॅडमनी भर वर्गात परत केले. अक्षररचनेवरचा निबंध होता, वर्षाच्या निम्म्या गुणांचा. पहिला विषय दुकानांच्या पाट्यांचा. मॅडम म्हणाल्या, तो दरवर्षी कुणीतरी आणतंच. दुसऱ्यावर त्या बोलल्याही नाहीत. कागद दोन बोटांत धरून बाकावर सोडून दिला आणि वर्ग हसला. सोमवारपर्यंत विषयावर सही झाली नाही तर निबंध नाही, आणि निबंध नाही तर वर्ष पुन्हा.

घरी बाप होता. तीस वर्षं एकाच छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवलेला जुळारी. छापखाना बंद झाला तेव्हा भंगारात निघालेली खिळ्यांची एक पेटी त्याने तापल्या लेकरासारखी उराशी धरून आणली आणि खिडकीखाली ठेवली. मुलगी लहान असताना तिला मांडीवर घेऊन तो तिच्या तळव्यावर एकेक खिळा ठेवायचा. अक्षर उलटं दिसलं की ती रुसायची. मग तो गुणगुणायचा,

उलटं उलटं घर माझं, सुलटं त्याचं दार गं
शिशाची ही लेकरं माझी, हाताला ना भार गं

आता ती विषय शोधत घरभर फिरते आहे हे कळल्यावर त्याने पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. आत प्रत्येक कामाचं पहिलं प्रूफ होतं: पावत्या, पत्रिका, शाळांची प्रगतिपुस्तकं, सगळी सालवार. माझ्यावर लिही असं म्हणत नाही, तो म्हणाला, पण बघून ठेव. आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पाणी प्यायला.

तिने पाहिलं. एक अक्षर बुडालेलं, एक शेजाऱ्याशी भांडल्यासारखं फटकून उभं. पानामागून पान तसंच. का, तेही तिला ठाऊक होतं. मालकाने नवे खिळे कधी घेतले नाहीत, आणि झिजलेल्याखाली कागद डकवून त्याची उंची सारखी करायला जुळाऱ्याला कधी वेळ दिला नाही. पण ते कारण प्रूफावर छापलेलं नव्हतं.

मॅडमनी प्रूफं खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसल्या. सलग तीस वर्षं इतकं वाईट काम, त्या म्हणाल्या, हे सापडत नाही कुठे. कोण हा? मुलगी म्हणाली, ओळखीतला एक म्हातारा. मॅडमनी शीर्षकही सुचवलं, आणि त्याच हातून ते जुळवून आण, मग सही करते, म्हणाल्या. हात अजून तसाच आहे का बघू.

रविवारी सकाळी तिने शीर्षकाची चिठ्ठी बापापुढे ठेवली. तिला भीती वाटली नाही. जुळारी जुळवताना अर्थ वाचत नाही, हे त्यानेच तिला शंभरदा सांगितलं होतं. वाचायला लागला की हात अडखळतो. डोळ्याने अक्षर घ्यायचं, हाताने ठेवायचं.

तो दिवसभर बसला. खिळे रॉकेलने धुतले, जुन्या टूथब्रशने घासले. झिजलेल्यांच्या बुडाला कागदाचे कपटे डकवले, दोन अक्षरांत अंतरासाठी नखाएवढी चकती सरकवली, काढली, पुन्हा सरकवली. आई म्हणाली, माझ्या साडीच्या निऱ्यांकडे इतकं बघितलं असतंत तर. तो हसला. तिसऱ्या प्रहरी शाई लावली, कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासून उचलला.

एकही अक्षर हललेलं नव्हतं. तीस वर्षांत त्याला मिळाला नव्हता तेवढा वेळ त्या दोन ओळींना मिळाला होता.

मुलगी बघतच राहिली. "बाबा, हे चालणार नाही."

"का? काय चुकलं?"

"काहीच चुकलं नाही, म्हणून."

तो कौतुक समजून लाजला. आईने पदराला हात पुसले, चष्मा लावला, आणि नवऱ्याचं काम लेकीच्या विद्यापीठात जाणार म्हणून कागद लांब धरून मोठ्याने वाचलं, "वाईट जुळणीचे नमुने. एका अडाणी जुळाऱ्याची तीस वर्षे."

वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला. नवऱ्याकडे न बघता ती आत गेली आणि भांडी घासायला लागली. ती सकाळीच घासून झाली होती.

बापाने कागद हातात घेतला. या वेळी अर्थासकट, सावकाश वाचला. मुलगी म्हणाली की शीर्षक मॅडमचं आहे, की उद्या शेवटचा दिवस आहे, की निबंधात नाव कुठेच येणार नाही. तो मान हलवत राहिला.

"किती चुका हव्यात, चिमे?"

तिने थोडा विचार केला. "दोन पुरतील. नेहमी असतात तशा."

त्याने चिमट्याने एका खिळ्याखालचा कपटा काढला, अक्षर बुडालं. दोन खिळ्यांमधली चकती काढून दुसरीकडे घातली. एक अक्षर फटकून उभं राहिलं. पुन्हा शाई, पुन्हा चमचा. कागद तिच्याकडे देऊन त्याने विचारलं, बरोबर आलं का. ती म्हणाली, अगदी.

सोमवारी मॅडमनी कागद उजेडात धरला. बोट आधी बुडालेल्या अक्षरावर गेलं, मग फटकून उभ्या राहिलेल्यावर.

"हात अजून तसाच आहे की."

"हो," मुलगी म्हणाली. रविवारचं पहिलं, बिनचूक प्रूफ तिच्याच पिशवीत होतं. निघताना बापाने वहीत घालून दिलं होतं.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "शीर्षक वाचून चिडला नाही ना म्हातारा?"

"नाही," ती म्हणाली. "तो जुळवताना अर्थ वाचत नाही."

"हे घाल निबंधात," मॅडम म्हणाल्या आणि सही केली. "सुरुवातच याने कर."