नऊ दिवस आधी

"एवढंच बोलायचं," व्हर्नीस बजावत होती. "मुकादम मला म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. तू ते कानांनी ऐकलंस. पुढे तोंड उघडायचं नाही."

ओपलनं मान हलवली. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जाडजूड पुस्तकं होती, सगळी सरकारी खर्चानं आलेली. अलाबामातली त्यांची मोज्यांची गिरणी होंडुरासला गेली, तेव्हा सरकारनं कळवलं होतं की परदेशी मालापायी ज्यांचं काम गेलं त्यांनी खुशाल शिकावं, फी आणि घरखर्च सरकार बघेल. ओपल आता रक्त तपासायला घ्यायचं काम शिकत होती. आणि कोण ही ओपल? बावीस वर्षं शेजारच्या मशीनवर बसून मोज्यांची बोटांकडची टोकं शिवली. व्हर्नीसचे तीन डझन व्हायचे तेव्हा हिचे जेमतेम दोन. गोगलगाय नुसती. तिच्या गळ्यात आज कॉलेजचं ओळखपत्र, ते बघून व्हर्नीसच्या पोटात दुखायचं.

व्हर्नीसला दमडीही मिळाली नव्हती. गिरणी बंद व्हायच्या नऊ दिवस आधी ती कात्री आपटून निघून आली होती. "मला कोण काढतंय? मीच जाते," असं भर खात्यात सुनावून. स्वतःहून गेलेल्यांना मदत नाही, असं पत्र आलं. आता ती एका दुकानात गल्ल्यावर उभी राहून तेच होंडुरासचे मोजे विकत होती. आज फोनवर तिच्या अपिलाची सुनावणी होती आणि साक्षीदार एकटी ओपल.

"शपथेवर खोटं बोलायचं म्हणजे रविवारी चर्चमध्ये कुठल्या तोंडानं बसू, देव जाणे," ओपल म्हणाली. "पण बोलते. तुझ्यासारखी बाई गल्ल्यावर सडतेय, मला बघवत नाही गं."

"माझी कीव नको करूस."

"कीव कसली? मंजूर झालं की माझ्याच कॉलेजात ये. सुरुवातीला अवघड जातं, पण मी घेईन तुला सांभाळून."

व्हर्नीसच्या अंगाची आग आग झाली. ओपल तिला सांभाळून घेणार होती.

फोन वाजला. ओपलनं तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला. पलीकडच्या साहेबांनी दोघींना शपथ दिली आणि ओपलला विचारलं, "मुकादम काय म्हणाला, तुम्ही ऐकलंत?"

ओपल फोनकडे वाकली. "हो, म्हणजे मुकादम…"

"तिला नका विचारू," व्हर्नीस मध्येच म्हणाली. "तो काही बोलला नाही. मीच गेले."

"म्हणजे नोकरी स्वखुशीनं सोडली, असं लिहू?"

"लिहा. आणि त्या दिवशीही खात्यात सगळ्यात जास्त काम माझं होतं, तेही लिहा."

"त्याला इथे रकाना नाही, बाई."

"मग राहू द्या."

ओपल रडायला लागली होती. अकराला दुकानातली पाळी सुरू होणार होती. व्हर्नीसनं उभं राहून दुकानाचा निळा एप्रन अंगात चढवला आणि छातीवरचा नावाचा बिल्ला चाचपून सरळ केला.