मागीलदारचा पाटा

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. श्रीवर्धनच्या एका सुपारीच्या वाडीत, घराच्या मागीलदारी पडून असतो. चाळीस वर्षं सोनाबाईंच्या स्वयंपाकघरात मी गणपतीच्या नैवेद्याचं पुरण वाटलं. मग सूनबाई भावनाने मिक्सर आणला आणि मी बाहेर आलो.

बाहेर मला काम मिळालं ते कोंबड्यांच्या खाऊचं. उन्हाळ्यात फणसाच्या उकडलेल्या आठळ्या, पावसात शेवग्याचा पाला, थंडीत लाल भोपळा, सगळं सोनाबाई माझ्यावर ठेचत. ठेचताना त्या कोंबड्यांशी किती गोड बोलायच्या! माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. मला फार हेवा वाटे. आत मिक्सर घरघरला की त्याचाही वाटे.

यंदा मात्र त्या म्हणाल्या, "भावना, गणपतीचं पुरण पाट्यावरच वाटू गं. मिक्सरला ती चव नाही." मी दिवस मोजू लागलो.

तेवढ्यात श्रावण लागला. सोनाबाई व्रतस्थ. घरात मासळी बंद, म्हणून कोंबड्यांना अख्खाच टाकायचा तो सुका जवळाही बंद. सोमवारी तर लहान पिल्लांनाही उपासाची भगर. पंधरा दिवसांत पिल्लं मलूल झाली, एकमेकांची पिसं उपटू लागली. एक गेलं. खरं सांगतो, मला थोडं बरंच वाटलं.

मासळीवाली केसर सहज डोकावली. पिल्लं पाहून म्हणाली, "सोनाकाकी, यांना कुणी संकल्प सोडायला सांगितला? श्रावण तुमचा हाय, त्यांचा न्हाय. जवळा बारीक करून द्या, न्हायतर उरलेलीही जातील."

"मिक्सरमध्ये फिरवू का, आई?" भावनाने विचारलं.

"नको गं. त्यात देवाचं वाटतो आपण."

"मग पाट्यावर?"

माझ्यावर जवळा वाटला, की नैवेद्याला मी कायमचा बाद. सोनाबाईंनी माझ्यावर हात ठेवला, हळूच म्हणाल्या, "तुला घरात घ्यायचं होतं रे." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माझ्याशी बोलल्या. मग पदर नाकाला लावून त्यांनी जवळा धुतला, सुकवला आणि माझ्यावर बारीक वाटला.

पिल्लं हळूहळू सावरली. आता ती माझ्यावरच चढून चोची मारतात. गणपतीच्या दिवशी आत मिक्सर घरघरला आणि मी जळलो, अगदी पूर्वीसारखा. त्याच दुपारी सोनाबाईंनी टाकीवालीला बोलावून मला छिन्नीने टाकी लावून पुन्हा खरखरीत करून घेतलं. "गुळगुळीत झालाय बिचारा. पिल्लांचं वाटायचंय अजून," म्हणाल्या.

मित्रांनो, तुमचा उपास मुक्या जिवांना करायला लावू नका. आणि घरातली जुनी वस्तू बाहेर ठेवलीत, तर जाता-येता तिच्याशी एखादा शब्द बोला. आम्ही फार वाट पाहतो.