भांगाच्या बुधवारचा रिकामा बाक

१९५७ साली जानेवारी ते मार्च या काळात एका बुधवारी माझ्यावर सात म्हातारी माणसे दाटीवाटीने बसत आणि त्याच्या पुढच्या बुधवारी एकही येत नसे.

मित्रांनो, मी दिघीजवळच्या खाडीकाठचा सहा फूट लांबीचा जुना बाक आहे. फणसाच्या लाकडातून मला १९४८ साली शाळेसाठी घडवले. पोरांनी माझे कौतुक केले आणि माझ्यावर नावेही कोरली. एक पाय मोडल्यावर चार पावसाळे मी शाळेमागे पडून होतो. गावात सरकारचा फिरता दवाखाना दर बुधवारी दहा ते एक येऊ लागला, तेव्हा पंचायतीने मला नवा पाय बसवून चावडीच्या ओटीवर ठेवले.

माझ्यावर बसणारी भागुबाई खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली. तिच्या घोट्यावरची जखम भरत नव्हती. डॉक्टर देवचके घाटावरचे, तरुण आणि कामसू होते.

"आजी, पट्टी दर आठवड्याला बदललीच पाहिजे. जखम अशीच चिघळली तर पाय कापावा लागेल. गेल्या बुधवारी का आला नाहीत?"

"गेल्या बुधवारी भांग व्हता ना, डाक्टर. भांग असला की आमी म्हातारी न्हाय येत."

"सगळीच?"

"सगळीच. तरण्यांना काय, ती कशीबी येतात."

'भांग' हा शब्द आजीने पुल्लिंगी वापरला, हे डॉक्टरांच्या लक्षात आले होते. गावठी बोलीचा दोष समजून त्यांनी ते सोडून दिले. वर तालुक्याच्या कचेरीला त्यांनी कळवले : 'पलीकडील वृद्ध एक आठवडा आड भांग पिऊन पडतात. बुधवारची फेरी बंद करावी.'

तालुक्याहून पंचायतीचे मत मागवणारे पत्र आले. पुढच्या भरल्या बुधवारी ग्रामसेवक रामचंद्र यांनी ते सर्वांसमोर मोठ्याने वाचले. भागुबाई कडाडली.

"मला भांगेडी केलास व्हय रे, मेल्या? जलमभर मासली इकली, तंबाकूला हात लावला न्हाय, आन आता म्हातारपनी भांग?"

"म्हणूनच तुझी जीभ सुटलीय, भागू," गुणाजी म्हणाला. तो म्हातारा तांडेल, म्हणजे एके काळचा होडीचा म्होरक्या. हसू आवरून तो डॉक्टरांकडे वळला. "डाक्टर, पितात ती भांग. आमचा तो भांग. अष्टमीच्या सुमाराला पान्याचा जोर मरतो, त्याला आमी भांग म्हनतो. तवा दुपारी सुकती, म्हंजे ओहोटी असते. होडी धक्क्याला लागत न्हाय. पुनव-आवसेला दुपारी भरती, तवा लागते."

"मग तरुण कसे येतात?"

"गुडघाभर चिखल तुडवून. तुमी हिला सांगा, त्या पायानं तुडव म्हनून."

डॉक्टर तेवढ्यावर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी पंचांग मागवले आणि दवाखान्याच्या वहीतले अकरा बुधवार तिथीशी ताडून पाहिले. दहा जुळले. अकरावा पौर्णिमेजवळचा असूनही रिकामा होता. त्या दिवशी वाडीत लग्न होते. डॉक्टरांनी वही मिटली, भागुबाईची क्षमा मागितली आणि तिथेच बसून पहिला अहवाल मागे घेणारे आणि भरती पाहून वेळ बदलण्याची परवानगी मागणारे पत्र लिहिले.

तालुक्याची संमती यायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून महिन्याच्या सुरुवातीला गुणाजी आणि आणखी दोन म्हातारे पंचायतीत येऊन त्या महिन्यातल्या बुधवारांच्या वेळा सांगत आणि रामचंद्र त्या फळ्यावर लिहीत. भांगाच्या आठवड्यात दवाखाना दुपारी चारला उघडे. मे महिना संपण्यापूर्वी भागुबाईची जखम भरली. ती मग ग्रामसभेलाही येऊ लागली. तिथे तिने धक्क्याला दोन पायऱ्या वाढवून मागितल्या आणि पंचायतीने त्या बांधल्या.

मित्रांनो, म्हातारी माणसे एखाद्या ठिकाणी येत नसतील, तर त्यांच्या स्वभावाविषयी मत बनवण्याआधी त्यांची वाट पायी चालून पाहा आणि वेळ ठरवताना त्यांनाही विचारा. मी रिकामा राहत असे त्याचे कारण असे होते : दवाखान्याची वेळ घड्याळ पाहून ठरवली होती, आणि अष्टमीच्या सुमारास त्या वेळी खाडीत ओहोटी असे.